खेतवाडीची चिमणी आणि किहीमची सुगरण

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



भाषणाचा विषय निवडण्याची मोकळीक शिक्षकाला दिली की ऐकणाऱ्यांच्या पोटात गोळा येतो. कारण तो फिरून फिरून शिस्त, वक्तशीरपणा आणि अभ्यासाचे वेळापत्रक यांवरच येणार, हे सर्वांना ठाऊक असते. आपण मुळीच घाबरू नये. आज मी आपल्याला एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या गोष्टी सांगणार आहे. त्याही त्यांच्या लहानपणाच्या आणि लग्नाच्या.

बुजुर्ग मंडळींना गप्पांचे हे दोन विषय फार आवडतात. मगरिबनंतर ओट्यावर बसलेल्या कोणाही आजोबांजवळ जरा टेका, म्हणजे त्यांचे बालपण सुरू होते. त्यात शाळा नेहमी चार मैल लांब असते, मास्तरांची छडी नेहमी ओल्या फोकाची असते आणि आंबे नेहमी दुसऱ्याच्या बागेतले असतात. लग्नाचा विषय निघाला की मात्र आजोबा आधी आतल्या दाराकडे पाहतात, दादीजान जवळपास नाहीत याची खात्री करून घेतात आणि मगच बोलतात. आपण हसतो आणि उठून जातो. पण अशा गप्पांत कधीकधी फार मोलाचे काही असते. म्हणून म्हटले, आज एका बुजुर्गांचे शेवटपर्यंत ऐकावे.

हे बुजुर्ग म्हणजे जगप्रसिद्ध पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली. जन्म मुंबईचा, १२ नोव्हेंबर १८९६ चा. मृत्यू २० जून १९८७ रोजी, वयाच्या एक्क्याण्णव्या वर्षी. नव्वदीच्या उंबरठ्यावर असताना, १९८५ साली, त्यांचे आत्मचरित्र इंग्रजीत प्रसिद्ध झाले. त्याचे नाव ‘द फॉल ऑफ अ स्पॅरो’, म्हणजे चिमणीचे पडणे. एवढा मोठा शास्त्रज्ञ आपल्या आयुष्याच्या पुस्तकाला चिमणीचे नाव देतो, इथेच त्या माणसाचा स्वभाव कळतो. पुस्तकभर ते इतरांना थोडे आणि स्वतःला फार हसले आहेत.

आता त्यांचे बालपण पाहा. घरातले ते सर्वांत धाकटे मूल. एक वर्षाचे असताना वडील गेले, तीन वर्षांचे असताना आई गेली. अशा यतीम लेकराची आणि त्याच्या भावंडांची जबाबदारी मामूंनी उचलली. मामूंचे नाव अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामींचे हमीदा बेगम. त्यांना स्वतःचे मूल नव्हते. खेतवाडीतले त्यांचे घर मग या मुलांनी भरून गेले. ज्याला आईबापाचा चेहराही आठवत नाही, त्याने म्हातारपणी लहानपण सांगताना रडायला हवे, असे आपल्याला वाटेल. सालिम अली हसतात. याचे श्रेय मामू-मामींचे आहे. परक्याचे मूल आपले करणे याला आपल्याकडे मोठा सवाब मानला आहे. पण त्या मुलाला म्हातारपणी हसत हसत लहानपण आठवावे, इतके आपले करणे हे सर्वांनाच साधत नाही.

मामूंनी भाच्याला हवेची एक लहान बंदूक दिली होती. आज मुलांच्या हाती मोबाईल असतो, तशी त्या काळी खात्यापित्या घरच्या मुलांच्या हाती बंदूक असे. मुलांमध्ये नेमबाजीच्या पैजा लागत. त्या खेळगड्यांत इस्कंदर मिर्झा नावाचा एक दूरचा नातलग होता. त्याचा नेम फार चांगला. पुढे तो पाकिस्तानचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला आणि आपले सालिम अली चिमण्यांत रमले. कोणाचा नेम खरा लागला, ते आपणच ठरवा.

दहा-बारा वर्षांच्या सालिमने एक दिवस एक चिमणी पाडली. पाहतो तो नेहमीसारखीच चिमणी, पण गळ्यावर पिवळा डाग, जणू जेवताना कालवण सांडले आहे. मुलाला प्रश्न पडला, की ही कोणती चिमणी? आणि ही खायला चालते की नाही? तो चिमणी घेऊन मामूंकडे गेला.

पालकहो, येथे क्षणभर थांबा. आपल्या घरी असे घडले असते तर आपण काय म्हटले असते? ‘ती घाण आधी बाहेर फेक.’ ‘उद्या गणिताचा पेपर आहे आणि हा चिमण्या मारतो.’ फार झाले तर ‘चिमणी ती चिमणी, तिला काय विचारायचे!’ मामूंनी यांतले काहीच म्हटले नाही. त्यांना उत्तर येत नव्हते. ते ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’चे सभासद होते. १८८३ साली स्थापन झालेली, निसर्गाचा अभ्यास करणारी ही मुंबईची संस्था आजही काम करते. मामूंनी भाच्याला तिथे पाठवले.

सोसायटीचे चिटणीस होते मिलार्ड नावाचे इंग्रज गृहस्थ. त्या काळी साहेबाच्या कचेरीत शिरायचे म्हणजे मोठ्या माणसाचेही पाय लटपटत, मग या पोराचे काय झाले असेल! हातात कागदात गुंडाळलेली मेलेली चिमणी आणि समोर साहेब. पण साहेबाने हाकलून दिले नाही. चिमणी पाहिली, ही पिवळ्या गळ्याची रानचिमणी आहे असे सांगितले आणि मग एकामागून एक कपाटे उघडून पेंढा भरलेले शेकडो पक्षी त्या मुलाला दाखवले. वाचायला पुस्तके दिली. पक्ष्याचे कातडे सोलून, भरून कसे टिकवायचे ते शिकवण्याची तयारी दाखवली. आपल्या आयुष्याला वळण लागले ते त्या दिवशी, असे सालिम अली लिहितात. एका मुलाचा प्रश्न, मामूंची शिफारस आणि एका परक्या माणसाचा तासभर वेळ, एवढेच त्याचे भांडवल.

याच वयातली आणखी एक गंमत त्यांच्या नोंदवहीत आहे. घोडागाडीच्या तबेल्यात भिंतीच्या एका भोकात चिमणीचे घरटे होते. मादी आत अंड्यांवर आणि नर बाहेर पहाऱ्यावर. सालिमने गाडीच्या आडून नर टिपला. थोड्या वेळाने पाहतो तो दुसरा नर पहाऱ्यावर हजर! तोही टिपला. पुन्हा नवा. अशा रीतीने सात दिवसांत आठ नवरे झाले. चिमणीबाईंनी ना मातम केला, ना इद्दत पाळली. आपण मुले असतो तर हसून विसरून गेलो असतो. या मुलाने ते सर्व तारखेसह लिहून ठेवले. साठेक वर्षांनी ती नोंद पक्षिनिरीक्षकांच्या एका नियतकालिकात जवळजवळ जशीच्या तशी छापली गेली. विद्यार्थी मित्रांनो, बंदुकीचा भाग सोडून द्या, आज तो गुन्हा आहे. पण पाहिले ते त्याच दिवशी लिहून ठेवायचे, हा भाग मात्र जरूर उचला.

आता शाळा. याविषयी त्यांनी बढाई मारलेली नाही, कारण मारण्यासारखे काही नव्हते. प्राथमिक शिक्षण गिरगावातल्या एका मिशनच्या मुलींच्या शाळेत, बहिणींबरोबर. मग सेंट झेवियर्स. तेराव्या वर्षापासून डोकेदुखीने पछाडले, शाळा वारंवार बुडाली, हवापालटासाठी सिंधमध्ये नातलगांकडे राहावे लागले. १९१३ साली मॅट्रिक झाले, तेही जेमतेम. कॉलेजात गणिताने छळले. लॉगॅरिथम हा शब्द काढताच त्यांना पळून जावेसे वाटे, आणि ते खरोखरच पळाले. कॉलेज सोडून थेट ब्रह्मदेशातल्या टव्हॉयला, घरच्या मंडळींच्या खाण आणि लाकडाच्या धंद्यात. तिथे धंदा किती केला आणि जंगलात पक्षी किती पाहिले, हे विचारू नये. धंद्याचे जे व्हायचे तेच पुढे झाले.

आमच्याकडे असा मुलगा असता तर सगळ्या मोहल्ल्याने निकाल देऊन टाकला असता, की ‘पोरगा वाया गेला, आता पासपोर्ट काढा आणि आखातात पाठवा.’ गणितात नापास होणारी मुले मी रोज पाहतो. त्यांचे पालकही पाहतो. प्रगतिपुस्तक हाती घेऊन ते मुलासमोरच विचारतात, ‘सर, हा अगदीच ढ आहे का हो?’ मुलगा खाली पाहत उभा असतो. माझे उत्तर असते, की गणितात तो कच्चा आहे, तेवढेच मला ठाऊक आहे. बाकीचे अजून कोणी तपासलेलेच नाही.

पण विद्यार्थी मित्रांनो, लगेच टाळ्या वाजवू नका. सालिम अली नापास होऊन मोठे झाले, असा सोयीचा अर्थ काढाल तर फसाल. ब्रह्मदेशातून १९१७ साली परतल्यावर ते पुन्हा विद्यार्थी झाले. सकाळी दावर कॉलेजात हिशेब आणि व्यापारी कायदा शिकायचे, आणि तिथून सेंट झेवियर्समध्ये जाऊन प्राणिशास्त्र. फादर ब्लॅटर यांनी त्यांची आवड ओळखून त्यांना तिकडे वळवले होते. पुढे बत्तिसाव्या वर्षाच्या सुमारास, १९२८ मध्ये, ते जर्मनीला गेले आणि बर्लिनच्या संग्रहालयात प्रोफेसर श्ट्रेसेमान यांच्या हाताखाली शिकले. पदवी नसल्यामुळे नोकऱ्या हुकल्या, तेही त्यांनी लपवलेले नाही. आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. त्यांचे घराणे सुशिक्षित आणि ऐपतीचे होते, पडला तर सावरणारे हात होते. ज्याच्या घरी असे हात नाहीत, त्याला मॅट्रिकच्या सर्टिफिकेटची गरज अधिक आहे. आपली संस्था आहे ती याचसाठी.

आता लग्नाकडे वळू. विद्यार्थी मागच्या रांगेतून पुढे सरकताहेत, ते मला दिसते आहे.

डिसेंबर १९१८ मध्ये त्यांचा निकाह झाला. वधू नात्यातल्याच, नाव तेहमिना बेगम. सुशिक्षित, वाचनाची आवड असलेल्या, चांगल्या राहणीत वाढलेल्या. आणि नवरदेव कसे? पदवी नाही, पक्की नोकरी नाही, धंदा डळमळीत, आणि छंद कातडी सोलून पक्षी भरण्याचा. आजच्या कोणत्या मुलीच्या वडिलांनी हे स्थळ पसंत केले असते? ‘मुलगा काय करतो?’ ‘पक्षी पाहतो.’ ‘ते ठीक, पण करतो काय?’ बोलणी तिथेच आटोपली असती.

तेहमिना बेगम त्यांच्याबरोबर ब्रह्मदेशात राहिल्या. धंदा बुडाल्यावर मुंबईला परतल्या. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये पतीला गाईड-लेक्चररची नोकरी मिळाली. तिथून अभ्यासासाठी रजा काढून ते जर्मनीला गेले आणि १९३० मध्ये परत येऊन पाहतात तर पैशाअभावी ती जागाच रद्द झालेली! बिऱ्हाड हलले किहीमला, आजच्या रायगड जिल्ह्यात अलिबागजवळ समुद्रकाठी. शहरात वाढलेल्या बाई, बेकार नवरा आणि कोकणातला पावसाळा. याहून मोठी परीक्षा कोणत्याही बोर्डाने घेतली नसेल. पण इथेच त्या माणसाचे पहिले मोठे काम उभे राहिले, कारण घराजवळ सुगरणींची वसाहत होती.

सुगरण आपण सर्वांनी पाहिली आहे. विहिरीवरच्या झाडाला किंवा माडाला लोंबणारी तिची घरटी कोकणात कोणाला ठाऊक नाहीत? आपल्या भाषेने त्या पक्ष्याला गृहिणीचे नाव देऊन टाकले. सालिम अली त्या पावसाळ्यात तासन् तास बसून पाहत राहिले. विणकाम सगळे नराचे! गवताच्या आणि पातींच्या बारीक चिरफळ्या आणून तो अर्धे घरटे विणतो आणि थांबतो. मग माद्या पाहणीला येतात. आत शिरून ठोकून पाहतात, विणीची परीक्षा घेतात. पसंत पडले तर ती राहते आणि मग तो उरलेले घरटे, येण्याजाण्याच्या नळीसकट, पुरे करतो. पसंत नाही पडले तर ते अर्धवट घरटे तसेच वाऱ्यावर लोंबत राहते. म्हणजे ‘मुंब्र्याला स्वतःचा ब्लॉक आहे का?’ हा प्रश्न आपल्या लोकांनी काढलेला नाही, तो फार जुना आहे.

गोष्ट एवढ्यावर संपत नाही. पहिलीने अंडी घातली की हे मियाँ शेजारीच दुसरे घरटे विणायला घेतात, दुसरी आली की तिसरे. अंडी उबवणे मात्र एकट्या मादीच्या वाट्याला. या सर्व व्यवहाराचा नीट उलगडा सालिम अलींनी किहीमला केला आणि त्यावरचा त्यांचा लेख १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला. तेव्हापासून जाणकारांत त्यांचे नाव झाले. नोकरी गेली नसती तर हे घडले नसते, असे म्हणणे सोपे आहे. मी म्हणेन, घरी तेहमिना बेगम नसत्या तर हे घडले नसते. बेकार नवरा दिवसभर झाडाकडे पाहत बसला आहे आणि घरात भांडे आदळल्याचा आवाज नाही, याचा अर्थ विवाहित मंडळींना समजावून सांगायला नको.

पुढे हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांच्या पाहणीचे काम आले, मग त्रावणकोरचे. तंबू, बैलगाडी, जंगल, विंचू, डास. तेहमिना बेगम बरोबर असत, मुक्कामाची सारी व्यवस्था पाहत. त्याहून मोठी गोष्ट अशी, की त्या पतीचे लिखाण वाचत आणि इंग्रजी सफाईदार करीत. ज्या लेखकाच्या भाषेचे पुढे जगाने कौतुक केले, त्याचे लेखन सुधारणारी पहिली शिक्षिका त्याच्या घरातच होती. शिकलेली होती, म्हणून ती हे करू शकली.

१९३९ साली एका लहानशा शस्त्रक्रियेनंतर तेहमिना बेगम वारल्या. सालिम अलींचे वय तेव्हा बेचाळीस. मूल नव्हते. ते बहिणीच्या घरी राहायला गेले आणि पुढची अठ्ठेचाळीस वर्षे त्यांनी दुसरे लग्न केले नाही. पानोपानी हसणारे हे म्हातारे गृहस्थ येथे मात्र हसत नाहीत.

दुःख त्यांनी कामात घातले. १९४१ मध्ये त्यांचे ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स’ निघाले. त्याने सामान्य माणसाला पक्षी ओळखायला शिकवले. १९५० मध्ये, वय त्रेपन्न असताना, स्वीडनमधल्या पक्षिशास्त्र परिषदेसाठी युरोपला जाताना त्यांनी आपली मोटारसायकल बोटीने नेली आणि तिच्यावरून युरोपात भटकले. १९५८ साली त्यांना पद्मभूषण मिळाले आणि त्याच वर्षी अलीगढ मुस्लिम विद्यापीठाने त्यांना सन्मान्य डॉक्टरेट दिली. लॉगॅरिथमला घाबरून पळालेला मुलगा असा डॉक्टर झाला. १९७६ मध्ये पद्मविभूषण, १९८५ मध्ये राज्यसभेवर नियुक्ती.

मित्रहो, या गोष्टींतून आपण काय घ्यायचे? मला तीन माणसांकडे बोट दाखवायचे आहे, आणि त्या तिघांत सालिम अली स्वतः नाहीत. मामू, मिलार्डसाहेब आणि तेहमिना बेगम.

पालकांना माझी विनंती, की आपण मामू व्हा. मुलाच्या सर्व प्रश्नांची उत्तरे आपल्याला यायलाच हवीत असे नाही. ज्याला उत्तर येते त्याच्यापर्यंत मुलाला पोहोचवा. त्याला पैसे लागत नाहीत. आम्हा शिक्षकांनी मिलार्ड व्हावे. मूल मेलेली चिमणी घेऊन आले तरी कपाट उघडावे. शाळेच्या प्रयोगशाळेची आणि वाचनालयाची कुलपे गंजू देऊ नयेत. हे मी माझ्या सहकाऱ्यांच्या साक्षीने बोलतो आहे, तेव्हा ते मलाही बांधील आहे.

तिसरी गोष्ट मुलींच्या आई-वडिलांसाठी. दहावी-बारावीचा निकाल लागला की ‘आता पुरे, स्थळे पाहायला लागू’ अशी घाई होते. स्थळ जरूर पाहा. पण मुलगी किती शिकली यावर तिच्या संसाराची उंची ठरते. नवऱ्याची नोकरी गेली, घर मोडकळीला आले, तेव्हा घर कोणी धरायचे? अडाणी ठेवलेल्या मुलीकडून आपण त्या दिवशी शहाणपणाची अपेक्षा करतो, हा कुठला न्याय? आणि मुलांनो, तुम्हांलाही सांगतो. तेहमिना बेगमसारखी जोडीदार हवी असेल, तर तिचे ऋण पुस्तकात लिहून ठेवणारा नवरा होण्याची तयारी ठेवा.

शेवटी विद्यार्थ्यांना एक गृहपाठ. याला मार्क नाहीत. येत्या सुट्टीत एक कोरी वही घ्या आणि आपल्या आजोबांजवळ, दादी-नानीजवळ बसा. त्यांना लहानपण विचारा, शाळा विचारा, लग्नाची वरात बैलगाडीतून आली की होडीतून, तेही विचारा. ते काय सांगतात ते तारखेनिशी, त्यांच्याच शब्दांत उतरून घ्या. हसू आले तर हसा, पण उठून जाऊ नका. आपल्या मोहल्ल्यांतले असे पुष्कळसे ज्ञान कोणी न लिहिल्यामुळे कबरस्तानात गेले आहे. जे उरले आहे ते वहीत येऊ द्या. सुट्टी संपली की वह्या माझ्याकडे आणा. मी त्या सर्व वाचेन आणि संस्थेची परवानगी मिळाली तर त्यांतले वेचे पुढल्या वर्षीच्या स्मरणिकेत छापू.